स्लॅबखालची झोप

होळी झाली की मी एखाद्या दुपारी स्टुलावर चढते आणि छताला तळहात लावून पाहते. आधी स्लॅब नुसता कोमट लागतो. पुढे हात ठेवता येतो, पण ठेवावासा वाटत नाही. आणि पाडव्याच्या आसपास एक दुपार अशी येते की हात आपोआप मागे येतो. त्या दिवशी मी विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगते, "चुना आणायला हवा." तो मोबाइलमधून डोकं वर न काढता "बरं" म्हणतो. आमच्या घरात उन्हाळा असा सुरू होतो. लोकांचा आंब्याने होत असेल.

आम्ही कारेगावात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आमच्यावर गच्ची आणि गच्चीवर ऊन, मध्ये कुणी नाही. फ्लॅट दाखवायला आलेला माणूस म्हणाला होता, "टॉप फ्लोअर हाय मॅडम, हवा लई खेळती." हवा खेळते, खोटं नाही. पण मे महिन्यात ती दुपारभर कुठल्या भट्टीत खेळून आमच्याकडे येते, ते त्याने सांगितलं नव्हतं. विचारायचं मलाही सुचलं नाही, कारण तेव्हा थंडी होती आणि मी स्वयंपाकघराचा ओटा किती लांब आहे ते बघत होते.

गावाकडचं ऊन मला माहीत होतं. मांडवगण फराट्यात उसाच्या कडेने भर दुपारी चालत गेलेली बाई मी. पण शेतातलं ऊन मावळतीला निघून जातं. स्लॅबमधलं जात नाही. ते दिवसभर वर बसून राहतं आणि संध्याकाळी हळूहळू खोलीत उतरतं. भांडी कोमट, पलंगाची कड कोमट, नळाला पहिलं पाणी येतं ते चहाला आधण ठेवायला सोपं. त्या घरातल्या पहिल्याच उन्हाळ्यात मला हे सगळं कळलं, आणि जे कळायला नको होतं तेही त्याच उन्हाळ्यात कळलं.

विलास तेव्हा रांजणगावला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होता. मशीनचं वरचं धूड खाली येतं, पत्रा दाबतं, पुन्हा वर जातं. तेवढ्या वेळात पत्रा ठेवायचा आणि काढायचा. पाळी आठवड्याला बदलायची. पण त्या वर्षी रात्रपाळीचा बिहारचा एक मुलगा बहिणीच्या लग्नाला गेला तो परत आलाच नाही, आणि सुपरवायझरने विलासला कायमचं रात्रीवर टाकलं. संध्याकाळी सातला आत, सकाळी सातला बाहेर. आठच्या सुमाराला घरी आंघोळ, पोहे, आणि मग झोप. म्हणजे झोपेची खटपट.

दिवसा झोपणाऱ्या माणसाचं सगळं जग वैरी असतं. नऊला भंगारवाला भोंग्यावर ओरडत जायचा. दहाला गच्चीवरची टाकी भरून वाहायची आणि पाणी नेमकं आमच्या बेडरूमच्या डोक्यावर बदाबदा पडायचं. जिन्यात पोरांचं क्रिकेट. कुणाचंही दार वाऱ्याने आपटलं तर ते आमच्या उशीखाली आपटल्यासारखं वाजायचं. अकरानंतर पंखा नुसती गरम हवा खाली ढकलायचा. विलास उठून लादीवर झोपायचा, मग ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपायचा, मग हॉलमध्ये यायचा, आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "जाऊ दे, चहा टाक."

आणि मी? मी ब्लाऊज शिवते. लग्नसराई भरात होती. त्याच्या झोपेत माझ्या मशीनची खडखड होती, हे मी विसरले नाही. मशीनच्या पायांखाली जुनी रजाई घडी करून घातली, तरी ते गुरगुरायचंच.

एका सकाळी तो आला तो हातातला मोजा न काढताच. कातडी हातमोजा, उजव्या हाताचा. तो त्याने टेबलावर ठेवला तेव्हा मला दिसलं की मधल्या बोटाचं टोक नाही. मोज्याचं टोक. त्याचं स्वतःचं बोट जागेवर होतं, नखाखाली थोडं काळं पडलेलं.

"डुलकी लागली," तो म्हणाला. "किती वेळ, ते न्हाई सांगता येणार. मशीन खाली आलं तवा हात निघत होता."

मी पोहे वाढले. त्याने खाल्ले. नंतर मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. भीतीने रडले, दुसरं काही नाही. त्याच्या जागी आधी काम करणाऱ्या एका माणसाला मी दुकानात पाहिलं होतं. तो सुट्टे पैसे डाव्या हाताने उचलायचा.

नोकरी सोड म्हणायची सोय नव्हती. एसीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. पण मी डोळे पुसून बाहेर आले तेव्हा माझं ठरलेलं होतं. हा माणूस झोपणार. याच घरात, याच स्लॅबखाली, भर उन्हाळ्यात, दिवसा झोपणार. कसा, ते मला माहीत नव्हतं.

आता लोक घर सजवायचे व्हिडिओ बघतात. भिंतीला अमका रंग, कोपऱ्यात तमकी कुंडी. मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू. पण मी घर सुधारलं ते एका माणसाच्या डोळ्याला डोळा लागावा म्हणून, आणि त्यामुळे मला घर फार वेगळं दिसायला लागलं. माझ्यासाठी घर म्हणजे फटी. उजेड कुठून येतो, आवाज कुठून येतो, झळ कुठून येते, एवढंच मी बघत होते.

पहिली खिडकी. विलासचे जुने निळे युनिफॉर्म उसवले, जाड कापड ते. त्यांना आतून जुन्या गोधडीचा थर दिला आणि खिडकीपेक्षा हातभर मोठा पडदा शिवला, कडेला वेल्क्रो लावून, म्हणजे वाऱ्याने हलायला नको. पडदा लावला तर खोलीत अंधार झाला, पण पडदाच तव्यासारखा तापला. मग डोक्यात उजेड पडला की ऊन काचेच्या आत आल्यावर अडवून उपयोग नाही, ते बाहेरच थांबायला हवं. शिरूरच्या बाजारात शेतीच्या दुकानातून रोपवाटिकेवर टाकतात तसलं हिरवं शेडनेट आणलं आणि खिडकीच्या जाळीला बाहेरून बांधलं. दुकानदाराने विचारलं, "काय लावलंय ताई, मिरची का टोमॅटो?" मी म्हटलं, "नवरा." तो बराच वेळ हसत होता.

दाराच्या चौकटीला जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या, दार आपटायचं थांबलं. दाराखालच्या फटीत वाळू भरलेली कापडाची लांब पिशवी. टाकीच्या वाहत्या पाइपला रबरी नळी जोडून ती थेट गच्चीच्या पन्हाळीत सोडली. स्वयंपाक तो यायच्या आधी उरकायचा, म्हणजे गॅसची धग आणि कुकरची शिट्टी दोन्ही नको. आणि खिडक्या. आम्ही सगळे हवेसाठी दिवसभर खिडक्या उघड्या टाकायचो. मी उलटं केलं. दिवस मावळला की सताड उघड्या, सकाळी ऊन वर यायच्या आत बंद. शेजारणींना वाटलं हिचं डोकं फिरलं.

एवढं सगळं करून तो बारापर्यंत झोपायला लागला. बारानंतर स्लॅब तापून त्याला उठवायचा.

त्यातच चौदा एप्रिल आला. त्या दिवशी झोपेचा विषयच नव्हता. पांढरा शर्ट घालून तो आंघोळीनंतर तसाच खाली उतरला, जयंतीच्या मिरवणुकीत दुपारपर्यंत नाचला, लाल डोळ्यांनी घरी आला आणि म्हणाला, "आज सुट्टी टाकलीय, ओरडू नको." मी कशाला ओरडते, मीही नाचत होते. तो त्या रात्री झोपला, रात्रीच्या वेळी, सगळ्या माणसांसारखा. सकाळी त्याचा चेहरा बघून मला आमच्या लग्नातला विलास आठवला. एका रात्रीच्या झोपेने माणूस एवढा परत येत असेल तर आपण ती दिवसा का देऊ शकत नाही, या विचाराने मी पुन्हा पेटले.

छतावर उपाय सुचवला तो आबांनी. आबा म्हणजे माझे सासरे. मांडवगणला स्वतःचा उसाचा तुकडा, बाकी दुसऱ्याच्या शेतात काम. ते उन्हाळ्यात चार दिवस आले होते. दुपारी हॉलमध्ये बसून छताकडे बघत होते. मग म्हणाले, "पोरी, उसात आपन पाचट कशाला टाकतो?"

"जमीन तापू नये म्हणून."

"मंग?"

"आबा, वर जमीन नाही. स्लॅब आहे."

"ऊन तर त्येच हाय न्हवं?"

 खरं सांगू, मला ते पटायलाच हवं होतं. दोन दिवसांनी ते गावच्या पिकअपमधून उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, घेऊन आले. दोराने भारे वर ओढले. आम्ही दोघांनी बेडरूमच्या वरचा सगळा भाग ढोपरभर पाचटाने झाकला, वर पाणी शिंपडलं. आबांनी ते पायाने दाबत दाबत असं सारखं केलं, की जणू आता त्यातून कोंबच फुटायचे होते. एवढी गार गच्ची मी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी विलास दुपारी दोनपर्यंत झोपला. आबा हॉलमध्ये मिशीला हात लावून बसले होते.

गच्ची एकट्या आमची नाही, हे आम्हां दोघांच्याही मनात आलं नाही. शेतात पाचट टाकताना कुणाला विचारतात?

चौथ्या दिवशी दुपारी वावटळ आली. कारेगावच्या माळावरून येते ती, धूळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन गरगरत. ती गच्चीवर चढली आणि तिने आमचं सगळं पाचट उचललं. गच्चीच्या दुसऱ्या अंगाला खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. गव्हाच्या, तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे शिजवून घातलेल्या. अजून ओल्या. मी धावत वर गेले तेव्हा त्या कुरडया दिसतच नव्हत्या. सगळीकडे पाचटच पाचट, आणि मध्ये काकू पदर खोचून उभ्या.

काकू मूळच्या दौंडच्या. त्यांचे मालक रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्या मुलाकडे कारेगावला राहायला आल्या. तोवर आमचं बोलणं जिन्यातल्या "झालं का जेवण"पुरतं. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळी कसर भरून काढली.

"कुनाच्या डोक्यातनं आलं हे? गच्ची हाय का खळं? आन् एक बिडी पडली आसती वर, तर? अख्खी बिल्डिंग पेटली आसती! लेकरं हायेत की न्हाईत खाली?"

 बिडीचं खरंच मला सुचलंच नव्हतं.

आबा माझ्या मागून वर आले होते. त्यांनी टोपी काढली. "चूक आमची हाय ताई. शेतात कुनी इचारत न्हाई, म्हनून हितं बी इचारलं न्हाई." आणि ते खाली बसून कुरडयांमधलं पाचट एकेक काडी वेचायला लागले. त्यांची मान खाली होती. माझ्या सासऱ्याला असं बसलेलं बघून मला राग आला, कुणाचा ते कळत नव्हतं.

"पन केलं कशापायी?" काकूंचा आवाज थोडा उतरला होता.

मी सांगितलं. रात्रपाळी, प्रेस, हातमोजा. भराभर सांगितलं, कारण सावकाश सांगितलं असतं तर रडले असते. काकू ऐकत राहिल्या. त्यांच्या हातात एक पाचट चिकटलेली कुरडई होती, ती त्यांनी तशीच धरून ठेवली होती.

"आगं, मंग हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "रात्रीची गाडी घिऊन आलेला मानूस दिवसा झोपला न्हाई, तर पुढच्या रात्री त्याला सिग्नल दिसंल का? आमच्या दौंडच्या क्वार्टरात दाराच्या कडीला लाल फडकं बांधायचो आम्ही. फडकं दिसलं की समजायचं, आत ड्रायव्हर झोपलाय. भाजीवाली बी आवाज न देता फुडं जायची. पोरं लांब खेळायला जायची. माझी पोरं त्याच सवयीत वाढली. कुजबुजतच बोलायची, साळंत मास्तर म्हनायचा, आवाज न्हाई व्हय रं तुला?"

मी दोन महिने घराच्या फटी बुजवत होते आणि शेजाऱ्यांची दारं मला आवाजाची दारं वाटत होती. त्यांच्याशी जाऊन बोलावं, हे काही मला सुचलं नव्हतं. गावात कुणाच्या घरी आजारी माणूस असला तर सांगावं लागत नाही, आपोआप कळतं. इथे सांगावं लागतं. एवढा साधा फरक आहे, पण फ्लॅटमध्ये नवीन आलेल्या माणसाला तो पचवायला वेळ लागतो.

ब्लाऊजच्या उरलेल्या लाल तुकड्यांना माझ्याकडे तोटा नव्हता. दुसऱ्या सकाळी मी एक आमच्या कडीला बांधला, एक जिन्याच्या कठड्याला. काकू स्वतः मजल्यामजल्यावर जाऊन सांगून आल्या. त्यांची सांगायची पद्धत विनंतीची नव्हती. जिन्यातलं क्रिकेट पार्किंगमध्ये गेलं. भंगारवाल्याला कोपऱ्यावरच थांबवून भोंगा बंद करायला लावलं. आणि दुपारी त्या मला म्हणाल्या, "तुझी मशीन आन माझ्या हॉलमध्ये. मला बी सोबत."

आबा त्याच दिवशी गावाला निघाले होते. पिशवी भरून दारात उभे. "माझ्यामुळं तुमाला बोलनं खावं लागलं," असं म्हणत होते. मी पिशवी काढून घेतली. म्हटलं, "आबा, पाचट चुकलं, पण ऊन वरच अडवायचं हे तुमचं चुकलं नाही. आता दुसरं काहीतरी टाकू, जे उडणार नाही आणि पेटणार नाही. आणि या वेळेला विचारून टाकू."

ते दुसरं म्हणजे चुना. कळीचा चुना पिंपात भिजवला तेव्हा तो रात्रभर खदखदला. सकाळी त्यात डिंकाचं पाणी घातलं, फडक्यातून गाळला. गच्ची आधी घासून धुतली. मग आबांनी कुंचा हातात घेतला आणि उतरत्या उन्हात एक हात दिला, दुसऱ्या दिवशी दुसरा. नुसती आमच्यापुरती नाही, सगळी गच्ची. काकू जिन्याच्या तोंडाशी बसून म्हणाल्या, "त्या टाकीमागं ऱ्हायलंय बघा." आबा म्हणाले, "व्हय, दिसतंय मला." पण त्यांना दिसलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी गच्चीवर दुपारी डोळे उघडवत नव्हते, इतकी पांढरी झाली होती ती. आणि घरात, स्टुलावर चढून पाहिलं, तर हात ठेवता येत होता.

हे आता दर वर्षी होतं. दोन फडकी आणि चार बादल्या चुन्यावर आमच्या बिल्डिंगचा उन्हाळा निघतो. पहिल्या मजल्यावरची नर्सबाई रात्रपाळी असली की कडीला लाल चिंधी बांधते. कंपनीतली तीन ओरिसाची मुलं एका खोलीत राहतात, त्यांच्या दारावर तर ती उतरतच नाही, कारण कुणीतरी एक कायम झोपलेला असतो. विलासला पुढे दिवसपाळी मिळाली, नंतर दुसरी कंपनी. आता तो रात्री घोरतो आणि मी त्याला ढोसते. सुखात माणूस किती लवकर कृतघ्न होतो!

पण मे महिन्याचं ऊन पडद्याच्या कडेने रेघेसारखं आत आलं की मला त्या उन्हाळ्यातली एकच संध्याकाळ आठवते.

चुना लावून झाला त्याच्या पुढचा दिवस. विलास सकाळी नऊला झोपला. रोज मी त्याला साडेपाचला उठवायचे, कारण सव्वासहाला कंपनीची बस खाली यायची. कॉन्ट्रॅक्टवाल्याने न कळवता खाडा केला की तो सुपरवायझरच्या डोळ्यावर येतो, आणि एकदा डोळ्यावर आला की त्याचं नाव कधी कटेल सांगता येत नाही. विलासने त्या अख्ख्या उन्हाळ्यात ठरवून घेतलेली ती एक सुट्टी सोडली तर खाडा केला नव्हता. मी चहा टाकला आणि खोलीत गेले.

तो पालथा झोपला होता. तोंड किंचित उघडं, उशीवर लाळेचा डाग. उजवा हात पलंगाखाली लोंबत होता, सैल, बोटं अर्धवट मिटलेली. मी त्याच्याजवळ लादीवर बसले. लादी गार होती. मी "अहो" म्हटलं, हळू. पापणीही हलली नाही. मला पुन्हा हाक मारायची होती. मी त्या बोटांकडे बघत राहिले. पाचही होती. मग मी उठले आणि दार ओढून घेतलं.

खाली हॉर्न वाजला. मी जिना उतरून गेले. बसच्या खिडक्यांमधून डबे मांडीवर घेतलेली माणसं माझ्याकडे बघत होती. ड्रायव्हरमामांनी काच खाली केली.

"विलासराव कुठायत? आजारी हायेत का?"

"नाही मामा. झोपलेत."

"मंग उठवा की. टाइम झाला."

"नाही उठवणार," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मामांनी वर, आमच्या बंद खिडकीकडे एकदा नजर टाकली. मग गिअर टाकला आणि रोज वळणावर हमखास वाजणारा हॉर्न न वाजवता बस वळवून नेली.